पाठमोरी थोरली

आमच्या वरच्या मजल्यावर दोघी जावा राहतात. थोरली शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन, कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी समोरासमोर दोन आरसे. खुणेची पेन्सिल ती अंबाड्यात खोचते आणि मग दिवसभर खणात शोधत बसते.

धाकटी दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते आणि उरल्या वेळात अंक काढते. अंक म्हणजे एकच कागद. त्यावर आठ चौकोन, चौकोनांत चित्रं आणि हातानं लिहिलेल्या ओळी. झेरॉक्स काढून मधोमध चीर द्यायची, घड्या घालायच्या, की तळहाताएवढं पुस्तक तयार. नाव ‘चतकोर’.

थोरलीला तो अंक डोळ्यांपुढे नको असे. तिनं शिवलेले कपडे अंगात घालून निम्मी गल्ली मिरवते, पण शिवले कोणी हे कोण विचारतो? अंक मात्र वाण्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे मागून नेत. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं दाखवू लागल्या की थोरलीचं मशीन जरा जास्तच खडखडे. आपण एकही अंक वाचलेला नाही, हे ती अभिमानानं सांगायची. कागदाच्या होड्या करायला आपल्याला सवड नाही, म्हणायची.

पण घडी घालावी तर थोरलीनंच. कॉलरची पट्टी मोडावी तसा ती नखानं कागद मोडते. एकदा धाकटीचा हात भाजला, तेव्हा सासूबाईंनी अंकांचा गठ्ठा थोरलीपुढे ठेवला. तिला नाही म्हणता येईना. या कागदाची घडी फिरवून घातली, की मधलं पान वर येतं आणि मुखपृष्ठ आत जातं. कापडात जन्म गेलेल्या थोरलीला हे तेव्हाच उमगलं. मुखपृष्ठावर धाकटीचं नाव ठळक होतं. थोरलीनं सगळेच्या सगळे अंक असे मोडले, की ते नाव पोटात गेलं. वर कुणी पाठमोरी बाई आली. तिच्याकडे थोरलीनं धड पाहिलंही नाही.

अंक वाटले गेले. दुसऱ्या दिवशी वाणी तिला म्हणाला, “वहिनी, या वेळी तुम्हीच वर!” कपडे टाकायला आलेली प्रत्येक बाई हसत होती. थोरलीनं अंक हिसकून घेतला आणि दोन आरशांच्या मध्ये उभी राहिली. एक खांदा उतरलेला. अंबाड्यात पेन्सिल. स्वतःची पाठ तिनं कधी पाहिलीच नव्हती.

धाकटी संध्याकाळी आली, ती फुगूनच. आपलं नाव कुठे गेलं हे तिला कळून चुकलं होतं.

“खाली माझं नाव तरी लिहायचंस,” थोरलीनंच आधी तोंड उघडलं. “लोकांना कळायला नको?”

“सगळ्यांना कळलं की. तुम्ही सोडून,” धाकटी म्हणाली. “आणि तुम्ही आतल्या पानावर होतात, ताई. वर तुम्हीच चढलात.”

त्यावर सासूबाईंना हसू आवरेना. थोरलीलाही शेवटी आवरलं नाही.

आता घड्या थोरलीच घालते, न सांगता आणि सरळ. पण आधी पान न् पान निरखते. परवा नवा अंक घेऊन ती माझ्याकडे खाली आली. मुखपृष्ठावर वाण्याची आई होती.

“बाई, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली, “हिच्यात एवढं काय आहे हो, वर घेण्यासारखं?”