सात वेढ्यांची गाठ

तलावाकाठच्या बागेतलं एकेक रोप माळीणबाईने अकरा वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण बागेच्या मायेने ती तिथे राबत होती, असं कुणी समजू नये. ती टपून बसली होती.

तिचा नवरा याच तलावावर पाणी सोडणारा झडपवाला होता. झडपेकडे जाणाऱ्या पुलाचा कठडा गंजून हलत होता. त्याने तलावावरच्या साहेबाला तीनदा सांगितलं, शेवटी स्वतःच तांब्याच्या तारेने बांधला. सात वेढे आणि वर दुहेरी गाठ, घरी कपड्यांच्या दोरीला मारायचा तशीच. एका सकाळी तो कठड्यासकट पाण्यात गेला. त्याचं प्रेत बाहेर काढलं, कठडा तळाशीच राहिला. साहेबाने दुपारच्या आत नवा बसवला आणि कागदावर लिहिलं, कठडा धड होता, माणूसच दारू प्यायलेला होता. ज्याला कडक चहासुद्धा सोसत नव्हता, त्याच्याबद्दल! सासूने ते ऐकून अंथरूण धरलं, ते कायमचंच. साहेबाने सुनेला उपकार केल्यासारखं बागेत कामाला लावलं. तिने दात-ओठ खात खुरपं हातात घेतलं.

यंदा गाळ काढायला तलाव रिकामा केला. जेवणाच्या सुट्टीत ती आठ दिवस गुडघाभर चिखल तुडवत होती. नवव्या दिवशी कठडा सापडला. लोखंड गंजाने पार खाल्लेलं, पण तांबं तसंच, गाठीसकट.

ती तो घेऊन कचेरीत गेली नाही. कागदाची चव तिने चाखली होती. तेच साहेब, आता निवृत्त झालेले, रोज सकाळी मित्रांबरोबर ज्या बाकावर बसत, त्याच्यासमोर तिने कठडा रोवला आणि त्यावर वेल चढवला. गाठ तेवढी उघडी ठेवली.

साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे भंगार कुणी लावलं इथे? काढून टाका."

"माझ्या माणसाने बांधलंय, साहेब. मोजा ना वेढे. धड कठड्याला कुणी तार बांधतं? आणि पिऊन तर्र झालेल्याला जमतं होय असं?"

मित्र गाठ बघायला पुढे वाकले. एकाने विचारलं, "काय प्रकरण आहे हे?"

"साहेबांना विचारा. लिहिलंय त्यांनीच."

साहेब उठायला गेले. ती खुरपं घेऊन वाटेत उभी राहिली, हटली नाही. साहेब खाली बसले, हनुवटी छातीला टेकवून पुटपुटले, "त्याने मला तीनदा सांगितलं होतं. तो प्यायलेला नव्हता."

"मोठ्याने बोला, साहेब," ती म्हणाली. "यांना ऐकू आलं नाही."