गॅस बंद केला का?

आमच्या घरात ‘गॅस’ हा शब्द चार कामं करतो. ‘गॅस आला’ म्हणजे सिलिंडर आला. ‘गॅस पुसून घे’ म्हणजे शेगडी पुसून घे. ‘गॅस बारीक कर’ म्हणजे आच कमी कर. आणि ‘गॅसचा वास येतोय’ म्हणजे मात्र खरोखरच गॅस. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेते. एखाद्या बटणावरच्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर मी प्रोग्रामरला जेवायला उठू देत नाही, अशी माझी ख्याती आहे. पण घरातल्या या चार अर्थांच्या शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. ते गेलं एका रविवारी, भर दुपारी, आम्ही तिघं बादल्या घेऊन एक कोरडी होडी उपसत होतो तेव्हा.

होडी बाबांची. ते खडकीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. बाबांनी होडी घेतली. कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली, फायबरची, सहा माणसं बसतील एवढी, बुडाला दोन तडे गेलेली. कारखान्यातल्या एका जुन्या दोस्ताची खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याला लागून जमीन होती. तिथे ती ठेवून बाबा वर्षभर धायरीहून ये-जा करत राहिले. तडे बुजवले, तळाला फळ्या बसवल्या, वर ताडपत्रीचं छप्पर केलं, हेलपाटे घालून परवानगीचा कागदही आणला. हे पाणी पुणेकर पितात, म्हणून इंजिन नाही, नुसती वल्ही. इतकं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की आता होडीत गॅस बसवायचा.

“कशाला?” आईने विचारलं.

“चाय कराले.”

“चहा,” आई म्हणाली. ती पुण्याची, पर्वतीच्या पायथ्याला वाढलेली, बाबा भंडाऱ्याकडचे. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी ती त्यांची ‘चाय’ दुरुस्त करते आणि ते पुन्हा ‘चाय’च म्हणतात. “थर्मास न्या की.”

“थर्मासची चाय म्हणजे कालचा पेपर. मले पाण्याच्या मधात बनवून तुले पाजायची आहे.”

यामागची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. बाबांचं गाव वैनगंगेच्या काठी. बाजाराला पलीकडे जायचं तर नावेने. नावाड्याची मातीची चूल नावेतच असे आणि नदीच्या मधोमध आलं की तो चहा करी. मग एकेकाला विचारत पुढे सरके, “घेता का जी चाय?” माझे आजोबा आणि बाबा नावेच्या टोकाला बसलेले असत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, बाबा शाळेत पहिले येत होते, पण नावाड्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. आमच्या घरची पूर्वीची जात त्याच्या पक्की लक्षात होती. तो यांच्यापर्यंत आला की विचारणं थांबायचं आणि वल्ही सुरू व्हायची. बाबा हे सांगताना कधी चिडत नसत. फक्त म्हणायचे, “वास मात्र मस्त यायचा त्या चायचा.” राग यायचा तो मला. अजूनही येतो.

तेव्हा स्वतःच्या नावेत, पाण्याच्या मधोमध, ताजा चहा करायचा आणि तो पहिल्यांदा आईला विचारायचा, एवढंच बाबांना हवं होतं. आणि नेमकी आईच होडीत बसायला तयार नव्हती.

पाण्याला ती भीत नव्हती. भीत होती ती गॅसला, किंवा तिच्या भाषेत सांगायचं तर, गॅसला ती ओळखून होती. आमच्याकडे गॅस फार उशिरा आला. त्या काळी नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आई रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत नंबराची वाट बघत राहिली. मी शाळेत जायला लागल्यावर कधीतरी तो लाल सिलिंडर घरी आला, आणि सोबत सूचनांची एक चोपडी मिळाली. पुण्यात ती चोपडी अथपासून इतिपर्यंत वाचणारी बाई एकच असावी, आणि ती माझी आई. ‘गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो,’ हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले.

“घरात साचला तर दाराखालून तरी जातो,” ती बाबांना म्हणाली. “होडीला दार कुठाय? तुमच्या त्या फळ्यांखाली साचला तर जाईल कुठे तो? ज्या होडीत गॅस, त्या होडीत मी नाही.”

बाबांनी भाजीचं कौतुक केलं.

सिलिंडर मात्र त्यांनी नियमाने घेतला. धायरीत तेव्हा आयटीतली पोरं तिघं-चौघं मिळून खोल्या घेऊन राहत होती, आणि कोपऱ्यावरचा एक भांडीवाला त्यांच्या छोट्या टाक्या मोठ्या टाकीतून भरून देई. बाबांनी ते एकदाच पाहिलं आणि त्यांच्यातला फिटर हादरला. “बाँब भरून राहिला बावा तो!” त्याच सुमाराला पाच किलोचा अधिकृत सिलिंडर पेट्रोल पंपावर नुसतं ओळखपत्र दाखवून मिळायला लागला होता. जिच्यासाठी आपण निम्मं तारुण्य नंबर लावून बसलो ती वस्तू आता चाकात हवा भरता भरता मिळते, हे ऐकून आईला आनंद कमी आणि संताप जास्त झाला.

पंपावर मी बाबांबरोबर गेले होते. त्यांनी टाकीचं वजन करून घेतलं. सील पाहिलं. वरच्या कड्याच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल वाचून तपासणीची मुदत उलटली नाही ना, हे बघितलं. मग झाकण काढून तोंडातली रबरी चकती चाचपली, तोंडावर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि बुडबुडे येतात का ते उकिडवे बसून न्याहाळत राहिले. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

“काका,” पंपावरचा माणूस म्हणाला, “टाकी न्यायचीय की मुलगी बघायला आलाय?”

“पोरगी असती तं एवढं पाह्यलं नसतं,” बाबा म्हणाले.

नंतरच्या रविवारी आई काठापर्यंत आली. होडीत नाही, काठापर्यंत, आणि तेही जेवणाचा डबा आमच्या हातून सांडेल म्हणून. ऑफिसात माझी काहीतरी आणीबाणी चालू होती, त्यामुळे मी लॅपटॉपची बॅग घेऊन आले होते. बाबांनी बाकाखाली टाकी ठेवली, बाकावर शेगडी. आम्ही दोघं होडी जराशी आत नेऊन पहिला चहा करून प्यायलो. चहा फक्कड झाला होता, पण बाबा सारखे आंब्याखाली पाठ करून बसलेल्या आईकडे बघत होते. तो चहा काही त्यांना गोड लागला नाही.

होडी काठाला लावली, तशी आई ओरडली, “गॅस बंद केला का?”

“केला!” बाबा ओरडले.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आईच्या लेखी ‘गॅस बंद’ म्हणजे टाकीवरचा रेग्युलेटर बंद. बाबांच्या लेखी शेगडीचं बटण फिरवलं, ज्योत गेली, की झाला गॅस बंद. आणि त्यांच्यामागून उतरणारी मी, शब्दांची खोट काढायचा पगार घेणारी, बाकावरची बॅग ओढत होते. तिचा पट्टा शेगडीच्या बटणात अडकला. मी हिसका दिला, पट्टा सुटला, बटण कुठे गेलं ते मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा असं निवांत जेवण झालं. बाबांनी पुन्हा गळ घातली. होडी दोरीला बांधलेली राहील, तू नुसती बस, मी चहा करतो. आई “बघू” म्हणाली. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, पण ती उठून आमच्यामागे पाण्यापर्यंत आली खरी. बाबा पुढे झाले. एक पाय होडीच्या काठावर, हातात काडेपेटी.

“थांबा!”

आईचा तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. बाबा पुतळ्यासारखे थांबले. “काडेपेटी फेका. मागे. पाय खाली घ्या.” तेव्हा कुठे मलाही तो वास आला, आणि पाठोपाठ बॅगेचा पट्टा आठवला. बाबांनी काडी ओढली असती, आणि ती मी सोडलेल्या गॅसवर, हा विचार आजही मला पुरा करवत नाही.

आईने पदर खोचला, श्वास रोखला, सरळ होडीत चढली, वाकून रेग्युलेटर बंद केला आणि उतरून बाहेर आली. “बादल्या आणा, प्लॅस्टिकच्या. तुझा मोबाइल त्या झाडाखाली ठेव. होडीत कोणी चढायचं नाही.” मग तिने फळ्या उचलून बाजूला काढायला लावल्या आणि आम्ही तिघं गुडघाभर पाण्यात उभे राहून, बाहेरूनच, होडीच्या तळातून रिकाम्या बादल्या भरून रिकाम्या ओतायला लागलो. जड आहे ना, मग पाण्यासारखाच उपसायचा, असं तिचं म्हणणं. त्या चोपडीवर तिचा एवढा विश्वास होता.

ज्यांची जमीन होती ते बाबांचे दोस्त बांधावरून आले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “फिटरभाऊ, काय उपसताय? होडी तर कोरडीठाक हाय!”

“गॅस,” आई हात न थांबवता म्हणाली.

“पर बादलीत काय दिसत न्हाई वैनी.”

“वास येतोय ना? मग उपसा.”

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि होडीला वारा घालायला लागले, आजारी माणसाला घालावा तसा. आधी बाबांना हसू फुटलं. मग मला, रडता रडता. मी बॅगेचं सगळं कबूल केलं, तर आई म्हणाली, “ऑफिसात हेच करतेस का?” आणि मग तीही हसायला लागली. वास गेल्यावरसुद्धा आम्ही कितीतरी वेळ उपसत होतो, कारण कोणालाच थांबावंसं वाटत नव्हतं.

“चढली ना तू शेवटी!” परतताना बाबा म्हणाले. “बसलीच ना नावेत!”

“बसले नाही,” आई म्हणाली. “उभी होते.”

दुसऱ्या दिवसापासून बाबा पेटीच्या मागे लागले. टाकी होडीच्या आत नकोच, हे आता त्यांना पटलं होतं. त्यांनी मागच्या टोकाला बाहेरच्या अंगाने एक पेटी बसवली. तिला आतल्या बाजूला फट म्हणून नाही, आणि बुडाशी एक भोक, थेट बाहेर पाण्यावर उघडणारं. गॅस गळलाच तर जड आहे म्हणून आपसूक खाली आणि बाहेर जाईल. टाकी उभी, पट्ट्याने आवळलेली, नळी नवी. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून आईने स्वतः फेस पाहिला. होडीला दार पाहिजे होतं ना तुला, हे घे दार, असं बाबा म्हणाले नाहीत, पण ते भोक दाखवताना त्यांचा चेहरा तेच म्हणत होता.

शब्दाचा निकालही आईनेच लावला. ‘गॅस बंद’ असं म्हणायचं नाही. आधी टाकी बंद, ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बटण बंद, आणि दोन्ही मोठ्याने सांगायचं. मी ते कागदावर लिहून पेटीच्या झाकणावर चिकटवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून लिहिलं गेलेलं सर्वांत कामाचं लिखाण तेच असेल.

आणि मग एका स्वच्छ सकाळी आई लाइफ जॅकेट घालून होडीत बसली. बसली, उभी राहिली नाही. बाबांनी वल्ही मारली, मी मधे बसले. फुगवट्याच्या मधोमध त्यांनी वल्ही आत घेतली, आलं ठेचलं, दूध घातलं. पाण्यावर चहाचा वास पसरला. बाबांनी कपबशा मांडल्या. चहा उकळला आणि तो शेगडीवरून उतरवणार, तोच आईने सांडशी स्वतःच्या हातात घेतली. तिने चहा गाळला, कप भरला. तो मला दिला नाही, स्वतः घेतला नाही. बाबांसमोर धरला आणि आपल्या स्वच्छ पुणेरी जिभेने, एकेक शब्द जपून म्हणाली,

“घेता का जी चाय?”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. कप घ्यायला हात पुढे आला. साठी उलटलेला माझा बाप पाण्याच्या मधोमध ढसाढसा रडत होता आणि मला इतका आनंद झाला होता की काय करावं कळत नव्हतं.

“घेतो जी,” ते म्हणाले.

“घ्या,” आई म्हणाली. “आणि टाकी?”

बाबांनी डोळे पुसले, मागे वाकले, पेटीत हात घातला. शेगडीवरची ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि गेली.

“टाकी बंद,” बाबा मोठ्याने म्हणाले. “बटण बंद.”