दोघांचा अंदाज

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती तळहातावर वर-खाली करायचे, डावा डोळा मिटायचे आणि वजन सांगायचे. वांगी असोत, गुळाचा खडा असो, नाहीतर कुणाचं महिन्याभराचं लेकरू असो. वजन सांगून झालं की म्हणायचे, "मोजून घ्या." माझ्या थोरल्या मुलीलाही त्यांनी असंच तोललं होतं. पुढे नर्सबाई काटा घेऊन आल्या, तेव्हा छटाकभराचाही फरक निघाला नाही. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला लोक गंमत म्हणून वस्तू हातात देतात.

ते पटवारी होते. कागदावर तलाठी, पण आमच्या साकोली-लाखांदूर पट्ट्यात तोंडी सगळे पटवारीच म्हणत. नोकरीची गावं बदलत गेली, घर मात्र आमच्या घराला लागून होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण नावानं त्यांना कोणी हाकच मारली नाही. आम्ही शेजारच्या सुना त्यांना मामाजी म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला मामी.

लग्नघरची माणसं त्यांना विचारल्याशिवाय तांदूळ काढत नसत. मामाजी आधी विचारायचे, वऱ्हाड कुठलं? लाखांदुराकडचं असलं तर चार पायल्या वाढवायचे. "दिवसभर धानाच्या बांधीत वाकणारे लोक, भातावर भात मागतेत." लाखनीकडचं असलं तर कमी करायचे. "सडकेवरचे लोक आहेत, त्यायचं पोट चहानंच भरते." पाचशे पान उठायचं आणि पातेल्यात उरायचं ते फक्त वाढणाऱ्यांपुरतं.

अंदाज करण्याची त्यांची एक अटही होती. आधी पोटभर जेवायचं. भुकेला माणूस जास्त सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची नोकरी संपायला दीड वर्ष उरलं असेल, तेव्हाची गोष्ट. सालं मला नीट आठवत नाहीत, पंचाहत्तरच्या आगेमागे धरा. एकुलता मुलगा भिलाईला कारखान्यात होता. त्याचं पत्र आलं की आता दोघांनी इकडेच या, तिकडचं घर विकून टाका. मामी आधी एकदा तिथं महिनाभर राहून आल्या होत्या. कशी आहे सून, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "चांगली हाय व. पण चहाचं विचारा लागते." एवढंच. पण मला कळलं, की या बाईला या घरातून हलायचं नाही.

मामाजींनी पत्र बाजूला ठेवलं, पोटभर जेवले आणि खाटेवर बसून दोघांचा अंदाज करायला लागले. मी तेव्हा ताक मागायला गेले होते, ते ऐकत उभी राहिले. वर्षाचे तांदूळ किती, लाखोळीची डाळ किती, जवसाचं तेल, रॉकेल, मीठमिरची, दोन लुगडी, दोन धोतरं, दवाईला थोडं. सगळं तोंडी. मामी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"अन् चहा?"

"दोघाईले चहा कितीसा लागते?"

"दोघाईले कमीच लागते," मामी म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

आता हे तुम्हाला सांगायला हवं, की मामाजी वाटेवरून माणूस घेऊन आल्याशिवाय घरी येत नसत. पोस्टमन, कोतवाल, बैल हरवलेला कुणी, साकोलीची एसटी चुकलेला कुणी. "चहा घेऊन जा" आणि "जेवल्याबिगर जाऊ नका" ही दोन वाक्यं त्या घराच्या दाराला बांधलेली होती. आणि अंदाज मात्र दोन माणसांचा. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. घरात दोनच माणसं राहतात, म्हणून दोघांचा.

मग त्यांनी आपल्या धंद्याची रीत घरात आणली. पीक ठरवताना शेतातला एक तुकडा कापतात, झोडतात, मोजतात, आणि त्यावरून सगळ्या गावाचं पीक ठरवतात. तसं त्यांनी नोकरीचं शेवटचं एक वर्ष कापून घेतलं. पेन्शन जेवढी मिळणार तेवढीच रक्कम दर महिन्याला मामीच्या हातात. बाकीचा पगार पोस्टात. वर्षभर भागलं तर मरेपर्यंत याच घरात राहायचं. मामीला एकदाही जास्तीचं मागावं लागलं, तर भिलाई.

कापलेल्या तुकड्याच्या ढिगात कुणी गुपचूप चार मुठी टाकल्या, तर सगळा अंदाज बिघडतो. हे मामाजींना चांगलं ठाऊक होतं. म्हणून शेतातल्या ढिगाजवळ ते स्वतः बसून राहायचे. घरच्या ढिगाजवळ मात्र कोणी बसलं नाही.

पहिल्याच महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास मामी माझ्या सपरीत आल्या. सपरी म्हणजे घरापुढची ओसरी. तिथं बसून मी बिड्या वळायची. माझे मालक भाताच्या गिरणीत होते, घर माझ्या सुपावर अर्धं चालायचं. मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले शिकव."

मी हसले. पटवाऱ्याची बायको आणि बिड्या! "लोक काय म्हणतीन, मामी?"

"लोकाईले दिसलं तर म्हणतीन ना. मागच्या दारानं येतो मी."

मामाजी गावं फिरायला गेले की दुपारी त्या मागच्या दारानं यायच्या. पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पहिले आठ दिवस त्यांची बिडी फुगलेल्या बेडकासारखी व्हायची. बिड्या घेणारा सट्टेदार छाटणी करून फेकून द्यायचा आणि मला बोलायचा, की बाई, तुझ्या हाताला काय झालं? कारण माल माझ्याच नावावर जायचा. महिन्याभरात मात्र त्यांचा हात असा बसला, की त्यांची बिडी कोणती आणि माझी कोणती हे मलाही सांगता येईना. जाताना त्या चिंचेनं हात घासायच्या. वास थोडा राहायचाच, पण मामाजी स्वतः दिवसभर तंबाखू मळायचे. त्यांना कुठून कळणार?

वर्ष पुरं झालं. मामीनं एकदाही हात पसरला नाही. मामाजींनी भिलाईला पत्र टाकलं, की आम्ही इथंच राहतो, भागते. पोस्टातला पैसाही मुलाला घर बांधायला देऊन टाकला. आपल्याला लागत नाही, हे आता मोजून झालं होतं ना. मग गावभर सांगत फिरले. लाखनीचे एक मास्तर निवृत्त व्हायचे होते, ते मुद्दाम विचारायला आले. मामाजींनी त्यांना जेवू घातलं आणि त्यांचाही दोघांचा अंदाज करून दिला. "मोजून पाहिलं आहे मी, वर्षभर," असं म्हणाले. मामी वाढत होत्या, मी त्यांच्या हाताशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे नाही.

निवृत्तीनंतर मामाजी घरीच राहायला लागले, तशी पंचाईत झाली. मग मामी सांगायला लागल्या, की देवाच्या वाती वळायला शेजारी जातो. सगळ्या पंचक्रोशीच्या देवांना पुरतील एवढ्या वाती त्या सात वर्षांत वळून झाल्या असत्या. मामाजींनी कधी विचारलं नाही. महागाई वाढत गेली आणि मामीचा हात वेगानं चालायला लागला. येणाऱ्या माणसाला चहा होताच. लग्नातल्या तांदळाचा अंदाजही चालूच होता.

मग मामीला खोकला लागला. उन्हाळ्यात उतरला, पावसाळ्यात परत आला, आणि मग उतरलाच नाही. साकोलीच्या दवाखान्यात नेलं, औषधं आणली. शेवटचे पंधरा दिवस मी त्यांच्या उशाशी असायची. एका सकाळी मामाजी दूध आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्यायले सांगू नको व."

मी नाही सांगणार म्हटलं. त्यांनी मनगट सोडलं नाही, म्हणून माझ्या लेकरांची शपथ घेतली. तेव्हा सोडलं.

त्या गेल्या. तेरवी झाली, मुलगा-सून आले आणि गेले. मामाजी भिलाईला जायला तयार झाले नाहीत. आता तर एकच पोट आहे, म्हणाले.

दुसऱ्या महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास ते माझ्या सपरीच्या पायरीवर येऊन बसले. कधी बसत नसत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सूनबाई, एक गोष्ट सांगा. एक माणूस दोघांपेक्षा जास्त खाते काय?"

मी हातातल्या बिडीला दोरा बांधला. काय सांगू? म्हटलं, "बाईमाणसाले जमते, मामाजी. तुमाले कसं जमन?" ते मान हलवत उठले. त्यांना पटलंय असं मला वाटलं.

पटलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून त्यांचं दार दुपारी बंद दिसायला लागलं. ज्या घराचं दार मी कधी लोटलेलंही पाहिलं नव्हतं, ते आतून कडी लावून बंद. वाटेवरच्या माणसाला हाक नाही. संध्याकाळी चूल पेटायची थांबली. कोटाची खांदी लोंबायला लागली. मी भाजीची वाटी घेऊन गेले तर म्हणाले, नको, हिशेबात नाही. अंदाज खरा करायला तो माणूस उपाशी राहत होता.

आता तुम्हीच सांगा, शपथ मोठी की माणूस? दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं, ते संपेपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि मग सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं,

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"म्हणजे मोजणीचं वर्षच..."

"हो, मामाजी."

रागावतील, रडतील, मला काही बोलतील, असं वाटलं होतं. त्यांनी ताट उचललं, मोरीवर नेऊन स्वतः घासलं आणि पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ते लाखनीला गेले. त्या मास्तरांना भेटले. माझा अंदाज चुकीचा होता, असं त्यांच्या अंगणात उभं राहून सांगितलं. "आपल्या बाईले विचारा," म्हणाले. मास्तरांची बायको हे ऐकून आत गेली आणि डोळ्याला पदर लावून बसली, असं पुढे कळलं. गावात आल्यावर पानठेल्यावर, गिरणीवर, जिथं जिथं बढाई मारली होती तिथं तिथं सांगितलं. माझी बायको सात-आठ वर्षं बिड्या वळत होती, तिच्या जिवावर मी शहाणा होतो. मामीनं जे मागच्या दारानं नेलं, ते त्यांनी भर रस्त्यात मांडलं. काही लोक हसले. पण बरेच नाही हसले.

मग मुलाला पत्र टाकलं, की न्यायला ये. तो रजा मिळून येईपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात मामाजी रोज दुपारी माझ्या सपरीत यायचे. पहिल्या दिवशी विचारलं, मामी कुठं बसत होती? मी खांबाजवळची जागा दाखवली. तिथं बसले.

"काय काय बोलत होती?"

सात वर्षांच्या दुपारी! अन् मी बोलकी. मी सांगत गेले. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा यांनी त्यांची पेटी उचलून वजन सांगितलं होतं, आणि मामीला वाटलं, की येड्याच्या घरी पडलो. पाठीमागं त्या यांना काटा म्हणायच्या; बाहेर खाकरल्याचा आवाज आला की "आला व आमचा काटा" म्हणून सूप माझ्याकडे सरकवायच्या. यावर मामाजी खूप हसले, हसता हसता डोळे पुसले. नागझिऱ्याचं जंगल एवढं जवळ, पण आयुष्यात वाघ नाही पाहिला, असं त्या म्हणायच्या. तेही सांगितलं. तळ्यावरच्या जांभळाचं सांगितलं. भिलाईच्या चहाचं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून?"

पंधरा-वीस दिवसांत माझ्याजवळचं सगळं संपलं. सात वर्षांच्या बोलण्यातलं माणसाला आठवतं किती? पण ते रोज यायचे, खांबाजवळ बसायचे. मग मी आपल्या मनानं बनवून सांगायला लागले. मामी असं म्हणाल्या, मामी तसं म्हणाल्या. एके दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"हे तिचं वाटत नाही, सूनबाई."

मी ओशाळले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पण सांगा."

मुलगा आला, सामान बांधलं. एसटीत चढताना त्यांनी विचारलं, अजून काही सांगायचं राहिलं का? मी म्हटलं, राहिलं आहे, याल तेव्हा सांगीन. ते आले नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत भिलाईहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं.

ते येतील म्हणून मी चार-पाच गोष्टी जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एक मात्र खरी होती, मला उशिरा आठवलेली. एका दुपारी मी मामीला चिडून म्हटलं होतं, एकदा मागून तर पाहा त्यायले. मामी दोरा दाताखाली तोडत म्हणाल्या होत्या, "मागतलं असतं तर त्यायनं देलं असतं व. भिलाईचं नावही नसतं काढलं, मले माहीत हाय. पण मग त्यायले वाटलं असतं, आपल्याले आपलं घरच मोजता नाही आलं."