पिंपातलं पीठ आणि माझा दोस्त

बेंबळीकडच्या आमच्या गावात, गिरणीच्या कोपऱ्यात पिठाचं एक पिंप आहे. दुष्काळाच्या साली मीच ते ठेवायला लावलं. दळण झालं की ज्यानं त्यानं ओंजळभर पीठ त्यात टाकायचं, आणि ज्याच्या घरात नसंल त्यानं येऊन न्यायचं. नियम एकच, तोही माझाच. पिंपाचं झाकण वाजलं की गिरणीवाल्यानं पाठ फिरवायची. कोण आलं, किती नेलं, बघायचं न्हाय. गिरणीवाला माझा लहानपणीचा दोस्त. चौथीतून आम्ही दोघांनी एकदमच शाळा सोडली.

गेल्या पावसाळ्यात ओढा घरात शिरला. कणगीतल्या ज्वारीला मोड आले. लेकीला मी कळवलं न्हाय. मागायची सवय न्हाय मला. तीन दिवस बायकोनं नुसत्या भातावर काढले. चौथ्या दिवशी दुपारी, गिरणीत दोस्ताबिगर कुणी न्हाय बघून, मी पिशवी घेऊन गेलो. दोस्तानं पाठ फिरवली. मी वाकलो, दोनेक किलो पीठ घेतलं, घरी आलो.

दोन दिवसांनी सोलापूरहून लेकीचा फोन. रडत होती. "आबा, तुमच्यावर पिंपातलं पीठ न्यायची पाळी आली, आन मला ते गावच्या ग्रुपवर फोटो बघून कळावं?"

उरलेलं पीठ उचललं आणि तसाच गिरणीत गेलो.

"पाठ फिरवली हुतीस ना रं?"

"फिरवली हुती. तू वाकल्यावर वळलो. पुरानंतर पुण्याहून तेल-साबण पाठवणारे लोक मदत नेणाऱ्यांचे फोटो गावच्या ग्रुपवर मागत्यात, गड्या. न्हाय दिला तर त्यांची गाडी यायची न्हाय."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू पीठ नेलं असतंस? आन तोंड कुठं दिसतंय तुझं? पाठमोरा तर हायेस."

"जल्म गेला माझा ह्या गावात. माझी पाठ वळखायला चष्मा लागतो व्हय कुणाला?"

तो हसला. मला हसू आलं न्हाय.

पीठ परत टाकायला झाकण काढलं, तर पिंप काठोकाठ भरलेलं.

"कालपासनं कुणी न्यायलाच यीना," तो म्हणाला. "वरच्या आळीची म्हातारी एक दिवसाआड यायची, ती बी आली न्हाय." मग म्हणाला, "तू जाऊन सांग की त्यास्नी. तुझं लई ऐकत्यात."

काय सांगू? कुणी बघणार न्हाय, असं मीच दारोदार सांगितलं होतं, म्हणून ती माणसं येत होती. आता तेच पुन्हा सांगायला माझी जीभ रेटत न्हाय.