मोठ्या अक्षरांचा ब्लॉग

माझी जीभ तिखट आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आईने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, गिरगावात ज्या डीटीपीच्या दुकानात मी पंचवीस वर्षं काढली तिथल्या शेठनेही सांगितलं. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं, ज्ञातीची मासिकं, तेराव्याची पत्रं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. कुणी पत्रिकेत पाच रंग मागितले तर मी तोंडावर विचारायचे, "लग्न आहे की सर्कस?" लोक हसायचे आणि शेवटी माझंच ऐकायचे. त्यामुळे माझी अशी समजूत झाली की मी बोलते ते लागतं खरं, पण भल्याचं असतं. या समजुतीपायी मी एका म्हाताऱ्या माणसाचं वाचणं बंद पाडलं. तो मला कधी भेटला नाही, त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही.

दुकान बंद झाल्यावर मी परळला घरी बसून स्वतःचा ब्लॉग लिहायला लागले आणि हळूहळू ओळखीपाळखीच्यांचे ब्लॉग नीटनेटके करून द्यायला लागले. त्यातून आठ जणांचा गट जमला. सगळे साठीच्या आसपासचे, सगळ्यांना उशिराने लिहिण्याची खाज सुटलेली. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या मागे एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंच्या घरी जमायचं, एकाचा ब्लॉग त्यांच्या भल्यामोठ्या टीव्हीवर लावायचा आणि तो दिसतो कसा यावर बाकीच्यांनी बोलायचं. बाहेर लोक याला फीडबॅक म्हणतात. आम्ही चिरफाड म्हणायचो.

चिरफाडीचे नियम माझे. कौतुक करायचं नाही, ते ज्याने त्याने घरी करून घ्यावं. प्रत्येकाने निदान तीन चुका काढायच्या. आणि ज्याचा ब्लॉग असेल त्याने तोंड उघडायचं नाही. ब्लॉगवाला बोलायला लागला की सफाई देतो, मग समोरच्यांना भीड पडते आणि खरं कुणी बोलत नाही. "वाचणाऱ्याला समजवायला तुम्ही घरोघर जाणार आहात का? नाही ना? मग गप बसा," असं मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनवायचे. या नियमाचा मला फार अभिमान होता.

काका आले ते घोडपदेवहून. सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन आणि छोटी डायरी. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. वयाने एवढे मोठे, पण मला ताई म्हणायचे. त्यांचा थोरला भाऊ कणकवलीच्या पुढे, गावी. तोही गिरणीतलाच, साचाखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचा. साच्यांच्या खडखडाटाने त्याचे कान कधीच गेले होते, त्यामुळे फोनवर बोलणं नव्हतं. आता डोळेही जात चालले होते. हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. म्हणून काकांनी त्याच्यासाठी ब्लॉग काढला होता. भावाच्या सुनेने तिचा जुना टॅब दिला होता, आणि रोज सकाळी मांडीवर तो घेऊन भाऊ एक पान वाचायचा. दोघांमध्ये उरलेली ती एकच वाट होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रविवारी आमच्यापैकी कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं, कारण नियमाप्रमाणे काका गप्प बसून होते.

त्यांचा ब्लॉग टीव्हीवर लागला आणि खोलीत हशा पिकला. पिवळं पान, त्यावर काळी, जाड, ही एवढी अक्षरं. अख्ख्या पडद्यावर दहा-बारा शब्द. मी म्हटलं, "काका, हा ब्लॉग आहे की नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर?" सगळे आणखी हसले. काकाही हसले. मग एकेकाने सुरुवात केली. पिवळा रंग बोचतो. मेन्यू नाही. फोटो नाहीत. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी हा प्रश्न कशाला? 'नळाजवळच्या खोलीतले मास्तर आठवतात? त्यांचं आडनाव काय रे?' प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "वाचक काय परीक्षेला बसलाय?" काका मान हलवत सगळं डायरीत उतरवून घेत होते.

लेखात काय होतं ते आता सांगते, कारण त्या दिवशी ते कुणी वाचलंच नव्हतं. दोन भाऊ चाळीच्या गॅलरीत झोपायचे आणि कठड्याकडची जागा कुणाची यावरून भांडायचे. थोरल्याने पहिल्या पगारात टेबलफॅन आणला, तो शेजाऱ्यांनी बघून जावा म्हणून आईने थंडीतही चालू ठेवला. असं बारीकसारीक, साधं, गोड. ते वाचलं असतं तर 'रे' कुणाला आहे हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण पंचवीस वर्षं मी मजकूर बघितला, वाचला नाही. डीटीपीवाल्याने वाचायला घेतलं तर दिवसाची कामं उरकत नाहीत. तेराव्याच्या पत्रातसुद्धा माझं लक्ष ओळी सरळ आहेत की नाही एवढ्यावरच असायचं, मेलं कोण ते मला माहीत नसायचं.

काकांनी स्वतः आम्हाला एकच गोष्ट विचारली होती, आदल्या दिवशी, ग्रुपवर. "नवीन लेख उघडायला वर एकच मोठं बटण देता येईल काय? शोधाशोध करायला लागू नये." त्यावर कुणी काही बोललं नाही. आम्हाला चुका काढायच्या होत्या.

चिरफाड संपल्यावर चहा झाला. तेव्हा काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, सगळं पटलं. पण ज्याला कमी दिसतं त्याने काय करायचं?"

मी चहात बिस्कीट बुडवत होते. "तो दोन बोटांनी मोठं करील की, काका. हल्ली सगळे तेच करतात."

"असं होय," ते म्हणाले आणि तेही त्यांनी डायरीत लिहिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कुणाला कमी दिसतं, हे विचारायला मला किती वेळ लागला असता?

त्यांचा ब्लॉग मीच नव्याने करून दिला. पंधरा दिवस खपले त्याच्यावर. पान दुधी पांढरं, अक्षरं नाजूक, राखाडी, भोवती भरपूर मोकळी जागा. प्रश्न काढून टाकले. सगळं झाल्यावर एक गोष्ट मला खटकायला लागली. मोबाइलवर चुकून दोन बोटं लागली की पान मोठं व्हायचं, कडेला सरकायचं, माझी सगळी मांडणी विस्कटायची. मला ते बघवेना. ब्लॉगच्या कोडमध्ये एक ओळ घालून मी ती सोयच बंद करून टाकली. आता कितीही बोटं लावा, पान जागचं हलत नव्हतं. काकांना मी काय सांगितलं होतं, ते त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढच्या रविवारी तो टीव्हीवर लागला तेव्हा गटाने माझा नियम मोडून कौतुक केलं. मी वरवर रागावले आणि आतून फुलले. काकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

त्यानंतर त्यांनी चार लेख टाकले आणि थांबले. पहिला महिना मी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात ग्रुपवर टोमणा मारला, "नवीन घर बांधून दिलं तर मालक राहायलाच येत नाहीत." उत्तर नाही. रविवारीही येईनात. मला राग आला. मी एवढी पंधरा दिवस डोळे फोडून बसले आणि या माणसाला त्याचं काहीच नाही? एके दिवशी सकाळी तणतणत मी घोडपदेवला त्यांच्या चाळीत जाऊन धडकले.

काका एकटेच होते. त्यांनी खुर्ची दिली, स्वतः चहा टाकला. मी सरळ विचारलं, "लिहिणं का बंद केलंत?"

"कोणासाठी लिहू, ताई?" ते म्हणाले आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला भावाबद्दल सगळं सांगितलं. साचाखातं, कान, टॅब, सकाळचं एक पान. मग म्हणाले, "डोळे गेले बघा दादाचे. डॉक्टर म्हणालेच होते. पण इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. सून सांगत होती, चार दिवस सकाळी टॅब घेऊन बसले आणि नुसती बोटं घासत राहिले त्याच्यावर. ही अशी, दोन बोटं. मीच ब्लॉगवर लिहून कळवलं होतं ना त्याला, तुम्ही सांगितलेलं. पाचव्या दिवशी टॅब सुनेच्या हातात दिला. म्हणाला, 'डोळे गेले माझे. ह्या आता नको माका.'"

काकांनी मला दोन बोटं हवेत घासून दाखवली. हे कधी झालं, ते मी विचारलं. पान जागचं हलू नये म्हणून मी जी ओळ घातली होती, त्याच आठवड्यात.

त्याचे डोळे गेले नव्हते. ते जात होते, पण गेले नव्हते. मी बारीक अक्षरांवर कुलूप लावलं आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपलेच डोळे संपले. तक्रार करायची तरी कुणाकडे? जे जाणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, ते गेलं, एवढंच त्याला कळलं. घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे मी काकांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एरवी जगाला तोंडावर बोलणारी मी, त्या दिवशी भेदरले. एवढंच म्हटलं, "काका, मी अक्षरं परत पहिल्यासारखी मोठी करते. एकदा दाखवून तर बघू."

"आता काय उपयोग?" ते म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

घरी येऊन तासाभरात सगळं जुनं परत आणलं. पिवळं पान, जाड काळी अक्षरं, पहिल्याहून मोठी. त्यांनी मागितलेलं बटणही दिलं. त्याला दहा मिनिटं लागली. काकांनी सुनेला निरोप धाडला. तिने बिचारीने टॅब सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून बघितला, पण त्यांनी न बघताच बाजूला सारला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय? ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याने दिसत नाही असं मनाशी पक्कं केलंय, त्याला समजवायचं कसं? सांगायचं तर कान नाहीत, लिहून दाखवायचं तर तो डोळे उघडून बघत नाही. तिने पाठीवर हात ठेवून, हातात टॅब देऊन, आठवडाभर खटपट केली. ती आपलं सांत्वन करतेय असं वाटून ते फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. मग तिनेही सोडून दिलं.

गणपतीत काका स्वतः गावी गेले. परत आल्यावर एका दुपारी माझ्याकडे आले. गावची कोकमं आणली होती. म्हणाले, "ताई, दादासमोर मी स्वतः टॅब धरून बसलो. हात धरून अक्षरावर बोट ठेवलं त्याचं. तालुक्याला नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. आता नुसता उजेड-अंधार कळतो म्हणाले. तुम्ही एवढं केलंत, पण नशीबच नाही त्याचं." आणि माझे आभार मानायला लागले.

ते आभार मला ऐकवेनात. मी त्यांना गप्प केलं आणि सगळं सांगितलं. ती एक ओळ कुठली, मी ती का घातली, दोन बोटं घासून पान का मोठं झालं नाही. माझा मोबाइल काढून मी ती ओळ परत घालून दाखवली आणि त्यांनाच बोटं लावायला सांगितली. काकांनी दोनदा लावून बघितली. पान हललं नाही. मी म्हटलं, "काका, चूक दादांच्या डोळ्यांची नव्हती. माझी होती." मला वाटलं, आता हा माणूस मला काहीतरी बोलेल. बोलावं असं फार वाटत होतं. मी हात जोडून बसले होते.

त्यांनी तिसऱ्यांदा बोटं लावून बघितली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा त्याला दिसत होतं?"

"हो."

"टॅब परत केला तेव्हा?"

"हो, काका."

"सून म्हणते, त्या दिवसापासून तो डोळे मिटूनच बसायचा. पडवीत, दिवसभर. उघडून काय करायचं, म्हणायचा." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "तीन महिने दिसत होतं त्याला, ताई. समोर आंबा होता, गुरं जायची-यायची, नातवंडं खेळायची. काहीच बघितलं नाही त्याने."