फुंका, आई, जोरात फुंका!

माझ्या सासूबाईंचा जीव मी जवळजवळ घेतला होता, आणि तोही शास्त्रशुद्ध पद्धतीने.

नवेगाव बांधच्या आमच्या घरात सासूबाईंनी चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. त्या धुराने त्यांना दमा जडला. गोंदियाच्या डॉक्टरांनी इनहेलर दिला. छोटीशी नळी, तिच्यात कॅप्सूल घालायची, नळी फिरवून ती फोडायची आणि आतली भुकटी श्वासाबरोबर छातीत ओढायची. डॉक्टर हे समजावू लागले, तोच मी त्यांना थांबवलं. "मी हायस्कूलला सायन्स शिकवते, डॉक्टर. मी बघते त्यांचं!" (खरं तर आमची बस सुटत होती.)

घरी आल्यावर सासूबाईंनी ती नळी उलटसुलट करून पाहिली.

"हे त फुंकणी हाय वो!"

"अगदी तश्शीच, आई! तोंडात धरा आणि फुंका!"

चाळीस वर्षं ओली लाकडं पेटवलेली ती फुंक! पांढरा ढग उठला आणि थेट माझ्या तोंडावर आला. "शाब्बास!" म्हणत मी पदराने तोंड पुसलं. महिनाभर सकाळ-संध्याकाळ हेच चाललं.

"सुनबाई, मले काही फरक नाई पडून राहिला."

"तुमची फुंक कमी पडतेय, आई!" मी सुनावलं.

मग एका रविवारी सकाळी अंगणात धान उफणणं चाललं होतं. भुसा उडाला आणि सासूबाई खोकत खोकत ओट्यावर टेकल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोलायला गेल्या, पण शब्दच फुटेना. नखं निळसर पडली होती.

मी इनहेलरकडे धावले. घाईत दोन कॅप्सूल ओट्याखाली घरंगळल्या. तिसरी कशीबशी बसली.

"फुंका, आई! जोरात!"

जिला श्वास मिळत नव्हता, तिच्याकडे होता तेवढाही मी बाहेर काढायला लावत होते! त्यांनी फुंकलं. ढग उठला. ओठही निळे दिसू लागले.

"आणखी एक! फुंका!"

आमचे हे शेतातून धावत आले. "काऊन वो, काय होऊन राहिलं मायले?"

"औषधच लागू पडत नाहीये!" मी रडत ओरडले.

शेजाऱ्यांची गाडी घेतली. हे चालवत होते, मी मागे सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जंगलाचा रस्ता संपता संपेना. त्यांचा एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत माझाही अडकायचा. ज्या बाईने मला बारा वर्षांत एक वाक्य पुरं करू दिलं नाही, ती गप्प होती! माझ्या भाजीला एकदा तरी नाव ठेवा हो, असं मी मनात विनवत होते.

गोंदियात पोचताच डॉक्टरांनी मास्क लावून वाफेतून औषध दिलं. हळूहळू तोंडावर रंग आला. मास्क काढल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या, "गॅस बंद केला का वो?"

मला रडूच फुटलं. एक तर आनंदाने, आणि दुसरं म्हणजे, केला नव्हता! (ह्यांनी शेजारी फोन लावला. कुकर गेला, घर वाचलं.)

मग डॉक्टर म्हणाले, "माँजी, इनहेलर कैसे लेती हो, दिखाओ."

सासूबाईंनी नळी तोंडात धरली आणि सगळी ताकद लावून फुंकली. डॉक्टरांचा चष्मा पांढरा झाला.

"फूँकना नहीं, खींचना है! किसने सिखाया ये?"

"माह्या सुनेनं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मास्तरीण हाय. सायन्सची."

डॉक्टरांनी चष्मा पुसत पुन्हा सगळं सांगितलं. आधी नळी बाजूला ठेवून श्वास सोडायचा, मग नळीभोवती ओठ मिटून जोरात आत ओढायचा आणि दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. सासूबाईंना पहिल्याच खेपेत जमलं!

"अब आप, मॅडम."

रिकामी नळी माझ्या हातात दिली. सगळा वॉर्ड बघत होता. मी घाबरले, डोळे मिटले आणि फुंकलं!

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी कीव येऊन विचारलं, "हे नवीन पेशंट हाय का?"

"नाई वो," सासूबाई म्हणाल्या, "सून हाय माही. शिकून राहिली अजून."

बारा वर्षांच्या नोकरीत माझं इतकं अचूक मूल्यमापन कुठल्याही साहेबाने केलं नव्हतं!