शेवटी बोलणाऱ्या आक्का

आक्का गरजेच्या वेळी कधी सापडायच्या नाहीत. संस्थेच्या प्रमुख त्या, पण एखादं प्रकरण तापलं की त्या नेमक्या सेनगावच्या बसस्टँडवर शेंगा खात बसलेल्या असायच्या. परत आल्या की दारात चपला काढता काढता विचारायच्या, "मग तुमी काय केलं?" काही केलं नाही म्हटलं की पुन्हा चपला घालून चालू पडायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटे, बाईंना कामाचा कंटाळा आहे. त्या मुद्दाम जातात, हे फार उशिरा ध्यानात आलं.

आमचं केंद्र गतिमंद मुलांचं. आसपासच्या गावांतून मुलं सकाळी जीपने यायची आणि चार वाजता परत जायची. अंगणवाडीची नोकरी सोडून आक्कांनी हे केंद्र हिमतीवर उभं केलं होतं. साठी उलटल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, आपल्यामागे हे चालवणारं माणूस तयार करायचं. ते माणूस म्हणजे मी, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. माझ्या हाताखाली संतोष होता. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी तो "ताई, इथं ठोकू का?" म्हणून विचारायला यायचा. खरं सांगायचं तर त्याचं ते विचारणं मला आवडायचं.

एकदा देणगीदारांनी आम्हा दोघींना पुण्याला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या तरुण प्रशिक्षकाने प्रत्येकाला खुर्चीवर उभं राहून 'मी नेता आहे' असं मोठ्याने म्हणायला लावलं. आक्का चढल्या, चारी बाजूंना नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, खुर्ची हलून राहिली." सगळा हॉल हसला. परतीच्या गाडीत मात्र त्यांनी त्या पोराचं कौतुकच केलं. जीव तोडून शिकवत होता, म्हणाल्या, फक्त आपल्याकडे वर चढायला शिकवावं लागत नाही, उतरायला शिकवावं लागतं.

त्यांचं स्वतःचं शिबिर दर सोमवारच्या बैठकीत चालायचं. नियम एकच. प्रमुखाच्या जागी जो बसेल त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. स्वयंपाकाच्या मावशी, जीपचा ड्रायव्हर, संतोष, सगळ्यांचं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या जागेवर मला बसवून आक्का शेजारी बसायच्या. मला तर ते निर्जळी उपवासापेक्षा जड जायचं. मी मध्येच बोलायला गेले की त्या शेंगांची पुडी माझ्यापुढे सरकवायच्या. एकदा मी चिडले, तेव्हा म्हणाल्या, "परमुख पहिले बोलला की बाकीचे व्हय व्हय करतेत. मग तुला कसं कळंल, लोकाच्या मनात काय चालून राहिलं ते?"

मग एका हिवाळ्यात त्या महिनाभरासाठी जवळा बाजारला बहिणीकडे गेल्या. जाताना केंद्र माझ्यावर सोपवलं. त्याच आठवड्यात पुसेगावच्या दीपकने दुसऱ्या एका मुलाला, गोपालला, दंडाला कडकडून चावा घेतला. तो तिसरा चावा होता. दुसऱ्या दिवशी पालक येऊन उभे राहिले. दीपकला काढा, नाहीतर आम्ही आमची लेकरं नेतो. निम्मी मुलं गेली असती तर केंद्राला कुलूपच लागलं असतं. दीपकला काढलं असतं तर त्याची आई पुन्हा त्याला घरात बांधून शेतात गेली असती. मी घाईघाईने आक्कांना फोन लावला. घंटी वाजली ती त्यांच्याच टेबलाच्या खणात. बाई फोन ठेवून गेल्या होत्या. मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला.

शेवटी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, दीपकच्या आईलाही. खणात फोनशेजारी शेंगांची पुडी होती, ती घेतली आणि गप्प बसले. सगळ्यांत मोठा आवाज गोपालच्या वडिलांचा होता. ते बोलले, बाकीचे बोलले, मग बोलायला कुणी उरलं नाही. मी तरीही शेंगा सोलत राहिले. अखेर गोपालची आई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आपला गोपाल बी आला तवा मारायचा. तवा आपल्याला कोणी काढलं न्हाई."

त्यानंतर कुणाचा आवाज चढला नाही. सगळ्यांत शेवटी मी बोलले. दीपक राहील, त्याच्याजवळ दिवसभर एक माणूस बसेल, आणि ज्यांना मुलं न्यायची असतील त्यांना परत यायला दार उघडं आहे. एकानेच मुलगा नेला, तोही संक्रांतीच्या आधी परत आणला.

महिन्याने आक्का आल्या. त्यांनी चपला काढल्या आणि पालकांच्या बाकावर जाऊन बसल्या. "म्याडम, आत येऊ का?" म्हणाल्या. मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्यानंतर त्या आपल्या खुर्चीवर कधीच बसल्या नाहीत.

गेल्या साली जवळा बाजारलाच, बहिणीच्या घरी, त्या झोपेत वारल्या. सकाळी केंद्रावर निरोप आला तशी मी मिळेल त्या जीपने निघाले. मागे काय करायचं ते कुणाला सांगायचं भान नव्हतं. आज केंद्र बंदच असेल, असं मी धरून चालले होते. दिवसभर संतोषचा फोन आला नाही, याचं मनात जरा वाईटही वाटलं.

संध्याकाळी परतले तर अंगणात मुलांच्या हातची रांगोळी होती, मावशी भांडी विसळत होत्या आणि संतोष दीपकच्या आईशी बोलत उभा होता. दारात चपला काढता काढता माझ्या तोंडून निघालं, "मग तुम्ही काय केलं?"

सकाळी सगळे सतरंजीवर बसलो, संतोष सांगू लागला. मी शेवटी बोललो. केंद्र चालू ठेवायचं ठरलं. मुलांना आक्कांबद्दल सांगितलं, दीपक थोडा रडला, मग जेवला.

"अरे, मला एक फोन तरी करायचा," मी म्हणाले.

"काहून?" संतोष म्हणाला. "तुमाला शेवटीच बोलायचं होतं ना, ताई?"